सुगीचे रान : एका देशाने लावलेली झाडे आणि त्या देशाच्या शिंका

१/
१९६३ चा वसंत ऋतू. जपानच्या तोचिगी प्रांतातील निक्को या तीर्थक्षेत्री साइतो योझो नावाचे एक तरुण नाक-कान-घसा तज्ज्ञ रुग्ण तपासत होते. मार्च उजाडला तसे एकाच तक्रारीचे लोक त्यांच्यासमोर येऊ लागले. लागोपाठ शिंका, पाण्यासारखे वाहणारे नाक, चोंदलेला श्वास आणि चोळून लाल झालेले डोळे. पडसे म्हणावे, तर ताप नव्हता आणि चार-आठ दिवसांत ते ओसरतही नव्हते. वसंत सरला की मात्र सारे आपोआप थांबत असे.

२/
साइतो आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी प्राध्यापक होरिगुची शिनसाकु यांनी १९६४ मध्ये या रुग्णांवरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. दोष होता सुगी या झाडाच्या परागकणांचा. जपानमध्ये या विकाराची झालेली ही पहिली रीतसर नोंद. त्यानंतर ५५ वर्षांनी, २०१९ मध्ये, नाक-कान-घसा तज्ज्ञ आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या देशव्यापी पाहणीत सुगीच्या परागाचे वावडे असणाऱ्यांचे प्रमाण ३८.८ टक्के आढळले. निक्कोतील मूठभर रुग्णांपासून देशातील दर पाच माणसांतील दोघांपर्यंतचा हा प्रवास कसा झाला, त्याचा हा इतिहास.

३/
प्रथम झाडाची ओळख. सुगी हा सरळसोट, उंच वाढणारा, सदाहरित सूचिपर्णी वृक्ष. इंग्रजीच्या प्रभावाने त्याला ‘जपानी सीडर’ म्हणतात. परंतु हिमालयातील देवदाराशी त्याचे जवळचे नाते नाही, तो सायप्रसच्या कुळातला. मंदिरांचे खांब, घरांच्या तुळया, साकेची पिंपे या सर्वांना सुगीचेच लाकूड. याकुशिमा बेटावरील काही सुगी वृक्षांचे वय दोन हजार वर्षांहून अधिक मानले जाते. भारतातही हे झाड आहे : एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी ते दार्जिलिंगच्या डोंगरांत लावले आणि तेथे ते ‘धूपी’ या नावाने रुळले.

४/
सुगीचे परागीभवन वाऱ्यावर चालते. आंबा किंवा पळस कीटक-पक्ष्यांना बोलावतो. त्याचा पराग जड, चिकट आणि थोडा असतो. वाऱ्यावर विसंबणाऱ्या झाडाला मात्र नेम धरता येत नाही, म्हणून ते पराग अक्षरशः उधळते. कोकणच्या किनाऱ्यावरील सुरूचे झाड याच जातकुळीचे. सुगीचा परागकण सुमारे ३० मायक्रोमीटर व्यासाचा, म्हणजे मिलिमीटरच्या तेहतिसाव्या भागाएवढा. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात फांदी हलली की पिवळा धूर निघावा तसे त्याचे लोट उठतात आणि वाऱ्याबरोबर कित्येक मैल दूर जातात.

५/
परागामुळे माणूस आजारी पडतो ही कल्पना तोवर जुनी झाली होती. १८१९ मध्ये लंडनच्या वैद्यकीय सभेत जॉन बॉस्टॉक या डॉक्टरांनी दर उन्हाळ्यात स्वतःला होणाऱ्या त्रासाचे वर्णन वाचले. त्यांना ठाऊक होते की त्रास ऋतूबरोबर येतो. कारण मात्र त्यांनी उन्हाळ्याच्या उष्म्यात शोधले. लोक त्याला ‘गवताचा ताप’ म्हणू लागले. यात गवत पूर्ण दोषी नव्हते, आणि ताप तर नव्हताच.

६/
कोडे सोडवले मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. तेही स्वतःच रुग्ण. त्यांनी वेगवेगळ्या वनस्पतींचा पराग आपल्या नाकात घालून पाहिला, त्वचेवर ओरखडा काढून त्यावर लावला आणि उठणारी गांध मोजली. चिकट काचपट्ट्या उघड्या हवेत ठेवून, पतंगांना बांधून उंचावर चढवून त्यांनी हवेतील परागकण मोजले. १८७३ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. आजही वावडे ओळखण्याची पहिली चाचणी त्वचेवरच होते आणि पराग मोजण्यासाठी जपानमध्ये आजही चिकट काचपट्टी वापरली जाते.

७/
साइतो यांच्यासमोर हीच वाट होती. प्रथम दिनदर्शिका : त्रास कधी सुरू होतो, कधी थांबतो? मग हवा : त्या दिवसांत हवेत कोणता पराग असतो? मग शरीर : त्याच परागाचा अर्क त्वचेला आणि नाकाला लावल्यावर तोच त्रास उद्भवतो का? तिन्ही उत्तरे एकाच झाडापाशी येऊन थांबली. जपानी भाषेत या विकाराला ‘काफुनशो’, म्हणजे फुलांच्या भुकटीचा आजार, म्हणतात.

८/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक खडा टोचला पाहिजे. निक्कोमध्ये सुगी नवे नव्हते. तोकुगावा घराण्याचा संस्थापक इएयासू १६१६ मध्ये मरण पावला आणि पुढच्या वर्षी त्याचे दैवतस्थान निक्कोत स्थापन झाले. मात्सुदाइरा मासात्सुना या सरदाराने तेथे जाणाऱ्या मार्गांच्या दुतर्फा वीसहून अधिक वर्षे सुगीची रोपे लावली आणि १६४८ मध्ये ती देवस्थानाला अर्पण केली. सुमारे ३५ किलोमीटर लांबीच्या या वृक्षराजीत आजही बारा हजारांच्या आसपास झाडे उभी आहेत.

९/
म्हणजे निक्कोकर तीनशे वर्षे या झाडांखालून ये-जा करत होते. मग विकाराची नोंद १९६३-६४ मध्येच का? त्याआधी तो नव्हताच, की होता आणि ‘वसंतातले पडसे’ म्हणून विसरला जात होता? एखाद्या आजाराची पहिली नोंद म्हणजे त्याचा जन्म नव्हे, ही सावधगिरी वैद्यकाच्या इतिहासात फार मोलाची. परागाचे वावडे असते हे ठाऊक असलेला डॉक्टर समोर बसेपर्यंत रुग्णाच्या शिंकांना नाव नसते. परंतु केवळ नजर बदलली म्हणून देशातील दोन-पंचमांश लोक आजारी ठरत नाहीत. बदल डोंगरांवरही झाला होता.

१०/
त्यासाठी १९४५ कडे जावे लागते. युद्धकाळात इंधनासाठी, बांधकामासाठी आणि लष्करासाठी जपानने आपले डोंगर ओरबाडले होते. बॉम्बहल्ल्यांत लाकडी घरांची शहरे जळाली होती आणि ती पुन्हा उभारण्यासाठी आणखी लाकूड हवे होते. बोडके डोंगर पाऊस धरून ठेवू शकत नव्हते. सप्टेंबर १९४७ मध्ये कॅथलीन वादळ आले, तोने नदीचा बांध फुटला, पुराचे पाणी टोकियोपर्यंत पोहोचले आणि हजाराहून अधिक माणसे दगावली.

११/
या पार्श्वभूमीवर वृक्षारोपण हे राष्ट्रकार्य झाले. १९५० मध्ये यामानाशी प्रांतात पहिला राष्ट्रीय वृक्षारोपण सोहळा झाला. स्वतः सम्राटांनी रोपे लावण्याची प्रथा तेथून रूढ झाली. सरकारी अनुदाने मिळाली, शाळकरी मुले रोपे घेऊन डोंगर चढली. जे झाड लवकर वाढते, सरळ वाढते, ज्याची रोपवाटिका कशी करावी हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे आणि ज्याचे लाकूड घराला लागते, ते निवडले गेले. ते झाड होते सुगी. त्याच्या जोडीला हिनोकी, त्याच कुळातला दुसरा सूचिपर्णी वृक्ष.

१२/
१९५० च्या दशकात लागवडीने वेगळे वळण घेतले. तोवर गावांभोवती ओक आदी पानझडी झाडांची राने होती. त्यांतून सरपण आणि कोळसा मिळे. रॉकेल आणि गॅस आले तसे या रानांचे मोल उतरले. इमारती लाकडाचा भाव मात्र चढता होता. मग सरकारी धोरणानेच ही मिश्र राने तोडून त्या जागी सुगी आणि हिनोकी लावण्याचा सपाटा सुरू झाला. ऐन भरात वर्षाला चार लाख हेक्टरांच्या आसपास लागवड होत होती. बोडका डोंगर झाकणे वेगळे आणि उभे रान बदलणे वेगळे. धोरणाच्या कागदावर मात्र दोन्ही ‘वनीकरण’च होते.

१३/
परिणाम आकड्यांत पाहावा. जपानच्या भूमीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग, म्हणजे जवळजवळ २५० लाख हेक्टर, वनाच्छादित आहे. त्यातील सुमारे १०० लाख हेक्टर माणसाने लावलेले. त्यात एकट्या सुगीचे क्षेत्र सुमारे ४४ लाख हेक्टर आणि हिनोकीचे सुमारे २६ लाख. एकाच जातीची, जवळजवळ एकाच वयाची झाडे डोंगरामागून डोंगर व्यापून उभी राहिली.

१४/
आता १९६४ हे वर्ष ध्यानात घ्यावे. त्याच वर्षी टोकियोत ऑलिंपिक झाले. त्याच वर्षी होरिगुची-साइतो यांचा निबंध छापला गेला. आणि त्याच वर्षी जपानने इमारती लाकडाची आयात पूर्णपणे खुली केली. या तीन घटनांचा परस्परांशी संबंध त्या वेळी कोणालाही दिसला नसता. पहिलीने देशाला अभिमान दिला. उरलेल्या दोहोंनी पुढच्या पिढ्यांचा वसंत ठरवला.

१५/
कारण परदेशी लाकूड स्वस्त होते आणि एकरकमी मोठ्या प्रमाणावर मिळत होते. १९७१ पर्यंत डॉलरला ३६० येन हा दर बांधलेला होता; तो सुटला आणि येन वधारला, तशी आयात आणखी स्वस्त झाली. देशी लाकडाचा भाव १९८० च्या सुमारास शिखरावर पोहोचला आणि नंतर घसरत जाऊन सुगीच्या ओंडक्याला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच दर उरला. २००२ मध्ये जपान आपल्या गरजेच्या पाचव्या भागाहूनही कमी लाकूड स्वतः पिकवत होता.

१६/
तोडणीला आलेले झाड तोडणे परवडेना. विरळणी करणे तर त्याहून परवडेना. डोंगरावरची तरुण माणसे शहरांत गेली. १९८० मध्ये सुमारे १ लाख ४६ हजार असलेले वनकामगार २०२० पर्यंत ४४ हजारांवर आले. नातवाच्या लग्नाला आणि घराला उपयोगी पडेल म्हणून आजोबांनी लावलेले रान नातवाला ओझे वाटू लागले. झाडे तशीच उभी राहिली आणि वयात आली.

१७/
‘वयात आली’ हे शब्दशः. सुगीचे रोप लगेच फुलत नाही. साधारण पंचवीस-तीस वर्षांचे झाले की ते भरपूर पराग देऊ लागते. १९५० मध्ये लावलेले झाड १९७५-८० मध्ये फुलणार. जपानमध्ये सुगीच्या वावड्याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एकदम उचल खाल्ली, आणि लागवडीची तारीख माहीत असणाऱ्याला त्यात आश्चर्य वाटू नये. लावणाऱ्याची चूक लावतानाच दिसली असती तर ती सुधारता आली असती. येथे कारण आणि परिणाम यांच्यामध्ये एक अख्खी पिढी उभी होती.

१८/
तरीही सारे खापर झाडांवर फोडणे घाईचे ठरेल. १९८७ मध्ये निक्को-इमाइची परिसरातील रहिवाशांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. दाट वाहतुकीच्या सुगी-मार्गालगत राहणाऱ्यांत हा विकार अधिक आढळला आणि जेथे सुगी भरपूर, पण वाहने थोडी, अशा वनभागात कमी. डिझेलच्या धुरातील कण परागाबरोबर दिल्यास उंदरांच्या शरीरात वावड्याची प्रतिक्रिया बळावते, असे प्रयोगही त्याच सुमारास झाले होते.

१९/
शिवाय शहरांतील डांबरी रस्ते परागाला मातीत मिसळू देत नाहीत. प्रत्येक वाहनामागे तो पुन्हा उडतो. १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये डेव्हिड स्ट्रॅकन यांनी दाखवले की मोठ्या कुटुंबांत, विशेषतः थोरली भावंडे असलेल्या मुलांत, परागाचे वावडे कमी आढळते. बालपणी कमी जंतुसंसर्ग झालेल्या शरीराला निरुपद्रवी वस्तूही शत्रू वाटतात का, हा वाद तेव्हापासून चालू आहे. निक्कोच्या तीनशे वर्षांच्या कोड्याचे पूर्ण उत्तर एका ओळीत मिळत नाही. पराग हे आवश्यक कारण. त्याच्या जोडीला धूर, रस्ते आणि बदललेले बालपण.

२०/
‘हा शहरी लोकांचा नाजूकपणा’ असा टोमणाही या रुग्णांना सोसावा लागला. त्याला उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. १९८० च्या दशकात जपानी माकडांतही हाच विकार आढळला : वसंतात शिंका, वाहणारे नाक, डोळे चोळणे, आणि रक्तात सुगीच्या परागाविरुद्ध प्रतिपिंडे. माकडाला सुट्टी नको असते आणि ते वर्तमानपत्रही वाचत नाही.

२१/
शरीरात नेमके काय घडते, हे शोधण्यातही जपानी शास्त्रज्ञ अग्रभागी होते. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने अमेरिकेतील डेन्व्हर येथे, रॅगवीड या तणाच्या परागाचे वावडे असलेल्यांच्या रक्तद्रवावर काम केले. चाचण्यांसाठी किमिशिगे यांनी स्वतःची त्वचाही वापरली. १९६६ मध्ये त्यांनी एका नव्या प्रतिपिंडाचा शोध जाहीर केला. स्वीडनमधील योहान्सन आणि बेनिक हेही स्वतंत्रपणे त्याच रेणूपाशी पोहोचले आणि १९६८ मध्ये त्याला ‘आयजीई’ हे नाव मिळाले.

२२/
हे प्रतिपिंड नाक-डोळ्यांच्या अस्तरातील विशिष्ट पेशींना चिकटून पहारा देत बसते. पुढच्या वसंतात तोच पराग आला की त्या पेशी हिस्टामिन सोडतात आणि शिंका, खाज, पाणी सुरू होते. म्हणूनच पहिल्या भेटीत काही होत नाही; काही वर्षे शांतपणे गेल्यावर एका वसंतात अचानक त्रास उद्भवतो. पूर्वी ओळख पटवायला त्वचा आणि दिनदर्शिका हीच साधने होती. आयजीईच्या शोधानंतर रक्ताच्या थेंबातून कोणत्या परागाचे वावडे आहे ते कळू लागले. १९८३ मध्ये सुगीच्या परागातील प्रमुख प्रथिनही वेगळे काढण्यात आले.

२३/
मग या विकारासह जगायचे कसे? जपानने त्याचे एक लोकशास्त्रच रचले. व्हॅसलिन लावलेली काचपट्टी दिवसभर उघड्यावर ठेवायची आणि दर चौरस सेंटिमीटरवर पडलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. जानेवारीपासून पाहता सलग दोन दिवस एक किंवा अधिक कण आढळले की त्यातील पहिला दिवस हा हंगामाचा आरंभ. १९८० च्या दशकात परागाचे अंदाज लोकांपर्यंत पोहोचू लागले आणि पावसाच्या अंदाजाशेजारी त्यांना जागा मिळाली.

२४/
अंदाजामागचे निरीक्षण सुंदर आहे. सुगीचे नर फुलोरे आदल्या उन्हाळ्यात, जुलैच्या सुमारास, धरू लागतात. तो उन्हाळा कडक आणि सूर्यप्रकाशाचा असेल, तर पुढच्या वसंतात पराग अधिक. पावसाळी आणि थंड असेल, तर कमी. मृगाचा पाऊस पाहून सुगीचा अंदाज बांधणाऱ्या मराठी शेतकऱ्याला ही रीत परकी वाटणार नाही. (आपल्याकडची ‘सुगी’ म्हणजे कापणीचा आनंद, जपानी सुगी म्हणजे फेब्रुवारीची धास्ती. शब्दांचा हा निव्वळ योगायोग.)

२५/
रुग्णांची दिनचर्याही ठरून गेली. ऐन हंगामातील कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी खिडक्या बंद. बाहेर जाताना मास्क आणि कडेने झाकलेला चष्मा. लोकरीऐवजी गुळगुळीत कापडाचा कोट. घरात शिरण्यापूर्वी तो झटकायचा, मग तोंड-हात धुवायचे. कपडे आणि अंथरुणे घरातच वाळवायची. करोनाच्या साथीत जपानी लोकांची मास्कची सवय जगाने नावाजली. त्या सवयीची मुळे १९१८ च्या तापसाथीत असली, तरी दर वसंतात तिला खतपाणी घातले ते सुगीने.

२६/
औषधांची परंपरा बाहेरून आली. १९३७ पासून पॅरिसमध्ये डॅनिएल बोव्हे यांनी हिस्टामिनला अटकाव करणाऱ्या द्रव्यांवर काम केले. १९५७ चे नोबेल त्यांना मिळाले. सुरुवातीच्या गोळ्यांनी शिंका थांबत, पण झोप अनावर होई, आणि जपानमध्ये शाळा-विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा नेमक्या फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. पुढे कमी झोप आणणाऱ्या गोळ्या आणि नाकात मारायचे स्टेरॉइडचे फवारे आले. हंगाम भरात येण्यापूर्वीच उपचार सुरू करावेत, त्रास बळावण्याची वाट पाहू नये, ही शिस्त तेथील डॉक्टरांनी रुजवली.

२७/
वावडे मुळातून सैल करण्याचा मार्ग १९११ मध्ये लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी दाखवला होता : गवताच्या परागाचा अर्क अगदी अल्प मात्रेत टोचायचा आणि हळूहळू वाढवायचा. जपानमध्ये २०१४ पासून सुगीच्या परागाचे जिभेखाली धरायचे थेंब आरोग्यविम्यात उपलब्ध झाले. नंतर गोळ्याही आल्या. त्यांची सुरुवात हंगाम नसताना करतात आणि उपचार तीन ते पाच वर्षे रोज चालू ठेवावा लागतो. सर्वांना सारखा गुण येत नाही, तरी अनेकांचा त्रास लक्षणीय कमी होतो.

२८/
ओळखीचा धडाही येथेच सांगावा. पडशात सहसा घसा दुखतो, कणकण येते, शेंबूड दाट होतो आणि आठवड्या-दीड आठवड्यात उतार पडतो. परागाच्या वावड्यात स्राव पातळ राहतो, डोळे खाजतात, ताप नसतो, त्रास कित्येक आठवडे चालतो आणि दरवर्षी त्याच महिन्यांत परततो. मात्र झाड प्रदेशागणिक बदलते. होक्काइदोत सुगी विरळ, तेथे भूर्जाचा म्हणजे बर्च वृक्षाचा पराग छळतो. त्या रुग्णांपैकी काहींना सफरचंद खाल्ल्यावर तोंडात खाज सुटते, कारण दोहोंतील प्रथिने सारखी असतात. म्हणून दुसऱ्याच्या अनुभवावरून झाड ठरवू नये. डॉक्टरांकडून चाचणी करून घ्यावी. धाप लागत असेल किंवा छातीत घरघर होत असेल, तर अजिबात थांबू नये.

२९/
आता पुन्हा डोंगराकडे. मास्क, गोळ्या, थेंब हे सर्व उपाय रुग्णाने स्वतःच्या खिशातून आणि स्वतःच्या शरीरावर करायचे. लागवड मात्र सरकारी धोरणाने झाली होती. हा प्रश्न हळूहळू राजकारणात शिरला. १९९२ मध्ये तोयामा प्रांतात पराग न देणारा एक सुगी वृक्ष आढळला आणि त्यावरून नव्या वाणांची पैदास सुरू झाली. टोकियोच्या महानगर शासनाने २००६ पासून पश्चिमेकडील तामा भागातील सुगी तोडून अल्पपरागी झाडे लावण्याचा उपक्रम हाती घेतला.

३०/
मे २०२३ मध्ये पंतप्रधान किशिदा फुमियो यांच्या सरकारने आराखडा मांडला : पराग देणारी सुगीची रोपवने दहा वर्षांत सुमारे २० टक्क्यांनी घटवायची आणि तीस वर्षांत परागाचे प्रमाण निम्म्यावर आणायचे. त्यासाठी वर्षाला ५० हजार हेक्टरवर होणारी तोडणी ७० हजारांपर्यंत न्यायची. साधा भागाकार करावा : या वाढीव वेगानेही ४४ लाख हेक्टरांना साठहून अधिक वर्षे लागतील. शिवाय उतारावरचे रान एकदम साफ केले, तर १९४७ चा पूर पुन्हा दारात उभा राहील. लाकूड विकले गेले नाही तर तोडणी चालणार नाही, आणि तोडणीसाठी माणसे मिळाली नाहीत तर आराखडा कागदावरच राहील. लावायला जेवढी वर्षे लागली, त्याहून काढायला जास्त लागणार आहेत.

३१/
या इतिहासात खलनायक शोधू गेल्यास हाती कोणी लागत नाही. उघड्या डोंगरांवर झाडे लावणारे लोक शहाणे होते. त्यांनी पूर पाहिले होते, जळालेली घरे पाहिली होती. डोंगर त्यांनी वाचवले, हेही खरे. चूक शिरली ती शंभर जातींच्या रानाच्या जागी एकच जात आणताना, आणि त्या झाडांची तोडणी कोण, केव्हा, कोणत्या भावात करणार याचा हिशेब बाजारावर सोडताना.

३२/
‘किती झाडे लावली’ हा आकडा प्रत्येक वनमहोत्सवात मोठ्याने वाचला जातो. कोणती लावली, काय काढून लावली आणि तीस वर्षांनी ती काय करतील, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. निक्कोच्या त्या दवाखान्यात १९६३ मध्ये या प्रश्नांची उत्तरे शिंकांच्या रूपाने यायला लागली होती. त्या वेळी देशभरातील डोंगरउतारांवर, अजून एकदाही न फुललेली, सुगीची कोट्यवधी रोपे गुडघाभर वाढली होती.

(थ्रेड समाप्त)